डीकन आणि लोकसेवा : कॅथलिक सेवकपद, सार्वजनिक अधिकारपद आणि भारतीय कायदा

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी सांगता येतील :
• कॅथलिक चर्चमधील डीकन हे पद, त्याचा इतिहास आणि त्याची कामे.
• धर्मगुरूंना सरकारी अधिकारपद का घेता येत नाही आणि डीकनला ते का घेता येऊ शकते.
• भारतीय संविधान व निवडणूक कायदा या प्रश्नाकडे कसे पाहतात.
• धर्मसेवा आणि लोकसेवा एकाच व्यक्तीकडे आल्या तर कोणती पथ्ये पाळावी लागतात.

१. प्रस्तावना

एका काल्पनिक उदाहरणाने सुरुवात करू. जबलपूरला पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. तेथे नोकरी करणारे एक विवाहित कॅथलिक गृहस्थ आहेत असे समजा. वय चाळीसच्या पुढे, घरात पत्नी आणि दोन मुले. आठवडाभर ते कचेरीत फायली पाहतात. रविवारी चर्चमध्ये वेदीजवळ उभे राहून शुभवर्तमान वाचतात, प्रवचन देतात, लहान मुलांचा बाप्तिस्मा करतात. संध्याकाळी आजाऱ्यांच्या घरी जातात. लोक त्यांना ‘डीकन’ म्हणतात.

हे गृहस्थ प्रापंचिक आहेत की धर्माधिकारी? त्यांना नोकरी सोडावी लागेल का? उद्या निवृत्त होऊन त्यांनी नगरपालिकेची निवडणूक लढवायची ठरवली, तर अडवणार कोण, चर्च की सरकार?

धर्म आणि शासन यांच्या नात्यावर आपण पुष्कळ वाचतो, पण ते बहुधा मोठमोठ्या तत्त्वांच्या भाषेत. तेच नाते एका माणसाच्या दिनक्रमात कसे उतरते, हे पाहायला डीकनचे पद फार उपयोगी पडते, कारण कॅथलिक चर्चमध्ये दीक्षा घेतलेल्या माणसांपैकी संसार, नोकरी आणि सार्वजनिक पद या तिन्हींची वाट सर्वसाधारणपणे फक्त त्याच्यासाठीच खुली राहते.

२. डीकन म्हणजे कोण?

‘डीकन’ हा शब्द ‘दियाकोनोस’ या ग्रीक शब्दावरून आला. त्याचा साधा अर्थ सेवक, पंगतीत वाढणारा, निरोप पोचवणारा. मराठी बायबलमध्येही या जागी ‘सेवक’ हाच शब्द येतो.

कॅथलिक चर्चमध्ये दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत : बिशप, धर्मगुरू आणि डीकन. लोक ज्यांना ‘फादर’ म्हणतात ते धर्मगुरू. डीकनची दीक्षाही बिशपच्या हस्तेच होते. म्हणून तो नुसता स्वयंसेवक नसतो, तर चर्चच्या कायद्याने दीक्षित वर्गातला असतो. मात्र त्याची कामे धर्मगुरूपेक्षा वेगळी असतात.

डीकन काय करू शकतो : बाप्तिस्मा देणे, विवाहाचा विधी चालवणे, अंत्यविधी करणे, शुभवर्तमान वाचून प्रवचन देणे, ख्रिस्तप्रसाद वाटणे, गरीब व आजारी यांच्या सेवेची व्यवस्था पाहणे.

डीकन काय करू शकत नाही : मिस्सा अर्पण करणे, पापनिवेदन ऐकून क्षमा जाहीर करणे, आजाऱ्यांना तैलाभ्यंगाचा संस्कार देणे. ही कामे धर्मगुरू आणि बिशप यांचीच.

डीकनचे दोन प्रकार आहेत. धर्मगुरू होण्याच्या वाटेवरील विद्यार्थी आधी काही काळ डीकन असतो. तो ‘संक्रमणकालीन’ डीकन. दुसरा ‘कायम’ डीकन. त्याला पुढे धर्मगुरू व्हायचे नसते. सेवकपद हेच त्याचे पूर्ण पद. या पाठात आपल्याला मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराशी काम आहे.

३. पदाचा उगम आणि ऱ्हास

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात एक तक्रार नोंदवली आहे. जेरुसलेमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. त्यावर सात माणसे निवडण्यात आली. स्तेफन त्यांपैकी एक. त्या प्रसंगात या सातांना ‘डीकन’ ही पदवी दिलेली नाही, पण चर्चच्या परंपरेने या पदाचा उगम तेथेच मानला आहे.

या पदाचे मूळ असे वाटपातल्या अन्यायात आहे. भाषेच्या फरकामुळे काही घरांपर्यंत अन्न पोचत नव्हते, आणि ते पोचवण्यासाठी माणसे नेमावी लागली. शिधावाटप, निवृत्तिवेतन, मदतकार्य यांत आजही हाच प्रश्न येतो : यादीतून कोण गळले?

तिसऱ्या शतकातील रोमचा लॉरेन्स हा सर्वांत प्रसिद्ध डीकन. रोमच्या चर्चची मालमत्ता आणि दानाचे वाटप त्याच्याकडे होते. २५८ मध्ये सम्राट व्हॅलेरियनच्या काळात त्याला मृत्युदंड मिळाला. परंपरा अशी सांगते की, चर्चचा खजिना सरकारजमा करण्याचा हुकूम झाला तेव्हा त्याने गोरगरीब आणि पंगू लोकांना पुढे उभे केले आणि हाच आमचा खजिना असे सांगितले. ही कथा शब्दशः इतिहास म्हणून घेता येत नाही. पण चर्चने डीकनकडून काय अपेक्षिले हे तिच्यातून कळते.

पहिल्या शतकांत स्त्रियाही या सेवेत होत्या असे दिसते. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फीबी हिचा उल्लेख मंडळीची सेविका असा येतो. त्या शब्दाचा नेमका अर्थ दीक्षित पद की सर्वसाधारण सेवा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पोप फ्रान्सिस यांनी या प्रश्नासाठी २०१६ आणि २०२० मध्ये अभ्यासमंडळे नेमली. आजच्या नियमाप्रमाणे ही दीक्षा फक्त पुरुषांना मिळते.

पुढे पश्चिमेकडील चर्चमध्ये या पदाचे स्वतंत्र महत्त्व हळूहळू ओसरले. दानाची कामे मठ आणि धर्मसंघ यांच्याकडे गेली, आणि डीकनपद धर्मगुरू होण्यापूर्वीची एक पायरी तेवढे उरले. सोळाव्या शतकातील ट्रेंट परिषदेने ते पुन्हा जिवंत करण्याचा विचार मांडला, पण तो प्रत्यक्षात आला नाही.

४. विसाव्या शतकातील पुनरुज्जीवन

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ‘लुमेन जेन्शियुम’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याच्या २९व्या परिच्छेदात कायम डीकनपद पुन्हा सुरू करण्यास आणि विवाहित प्रौढ पुरुषांनाही ते देण्यास मान्यता मिळाली. १८ जून १९६७ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्याचे नियम जाहीर केले.

सध्याची कॅनन कायद्याची संहिता १९८३ ची आहे. तिच्यातील मुख्य अटी अशा :

• अविवाहित उमेदवाराला किमान २५ वर्षे पूर्ण हवीत, आणि त्याला आजन्म ब्रह्मचर्य पाळावे लागते.
• विवाहित उमेदवाराला किमान ३५ वर्षे पूर्ण हवीत, आणि पत्नीची संमती आवश्यक असते.
• दीक्षेनंतर पत्नी वारल्यास सर्वसाधारणपणे पुनर्विवाह करता येत नाही.
• दीक्षेपूर्वी प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याचा काळ साधारणतः तीन वर्षांचा असतो.
• जो विवाहित डीकन नागरी व्यवसायातून वेतन मिळवतो, त्याने त्यातूनच आपला आणि कुटुंबाचा खर्च चालवावा.

शेवटची अट नीट लक्षात घ्या. बहुतेक धर्मगुरूंचा निर्वाह चर्च करते. कायम डीकन मात्र स्वतःच्या कमाईवर जगू शकतो. शिक्षक, वकील, डॉक्टर, कारकून, शेतकरी राहून तो सेवा करतो. त्याच्या दिवसाचा मोठा भाग चर्चच्या आवारात जात नाही, कचेरीत किंवा बाजारात जातो. परिषदेलाही हेच हवे होते : चर्चचा सेवक लोकांच्या कामाच्या जागी असावा.

भारतात कायम डीकन फार थोडे आहेत. मुंबईच्या महाधर्मप्रांतात विवाहित पुरुषांना अशी दीक्षा देण्यात आली आहे. इतरत्र अनेक धर्मप्रांतांत लोकांनी कायम डीकन पाहिलेलाही नसतो. जबलपूरचा धर्मप्रांत तुलनेने तरुण आहे. १९३२ मध्ये तेथे स्वतंत्र मिशन-क्षेत्र निर्माण झाले आणि १९५४ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. म्हणून आपले सुरुवातीचे उदाहरण आज तरी एक शक्यता म्हणूनच घ्यावे.

५. कॅनन कायद्यातील बंदी आणि सवलत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९८३ च्या संहितेतील चार कलमे एकत्र वाचावी लागतात.

कलम २८५ (३) : ज्या सार्वजनिक पदात नागरी सत्तेचा वापर येतो, असे पद दीक्षित व्यक्तींनी घेऊ नये.
कलम २८६ : दीक्षित व्यक्तींनी परवानगीशिवाय व्यापारधंदा करू नये.
कलम २८७ (२) : राजकीय पक्षात सक्रिय भाग घेऊ नये आणि कामगार संघटनांच्या नेतृत्वात पडू नये. चर्चच्या हक्कांसाठी किंवा सार्वजनिक हितासाठी ते गरजेचे आहे असे वरिष्ठांना वाटले तर अपवाद होऊ शकतो.
कलम २८८ : वरील बंधने कायम डीकनला लागू नाहीत, मात्र त्या त्या ठिकाणच्या विशेष नियमांनी वेगळे ठरवले असल्यास ते पाळावे लागेल.

याचा अर्थ असा की, धर्मगुरूला मंत्री, आमदार किंवा न्यायाधीश होता येत नाही. कायम डीकनला तत्त्वतः होता येते. कारण सरळ आहे. डीकन आपल्या मिळकतीवर जगतो. त्याला व्यापार आणि नोकरी यांची बंदी केली तर त्याचे घर कसे चालणार? आणि नोकरीची मोकळीक दिल्यावर सरकारी नोकरी तेवढी वगळणे कठीण.

पण ही मोकळीक बेलगाम नाही. ‘विशेष नियम’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अमेरिकेतील बिशपांच्या परिषदेने असा नियम केला आहे की, डीकनने निवडणुकीला उभे राहण्यापूर्वी आपल्या बिशपची लेखी परवानगी घ्यावी. १९९८ मध्ये व्हॅटिकनने कायम डीकनांसाठी काढलेल्या निर्देशिकेतही पक्षीय राजकारणाबाबत सावधगिरीचा सूर आहे. नोकरी करणे आणि पक्षाचा झेंडा हाती घेणे यांत चर्चने फरक केला आहे.

६. संविधान सभेतील दोन सदस्य

धर्मगुरूवरील बंदी पूर्वीपासून इतकी कडक होती का? नाही. १९१७ च्या जुन्या संहितेत वरिष्ठांच्या परवानगीने विधिमंडळात बसण्याची वाट होती. तिचे भारतीय उदाहरण म्हणजे फादर जेरोम डिसोझा.

फादर डिसोझा १८९७ मध्ये मंगळूरला जन्मले. ते येशूसंघाचे धर्मगुरू आणि मद्रासच्या लॉयोला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मद्रास प्रांतातून ते संविधान सभेत आले. अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा ठेवाव्यात का, हा त्या वेळचा तापलेला प्रश्न होता. मे १९४९ मध्ये सभेने धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा रद्द करण्याचा निर्णय घेतला. ख्रिस्ती सदस्यांनी अशा जागांचा आग्रह सोडून दिला होता. हरेंद्र कुमार मुखर्जी आणि फादर डिसोझा ही त्या भूमिकेतील ठळक नावे. पुढे संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या भारतीय शिष्टमंडळांतही फादर डिसोझांनी काम केले. १९५१ मध्ये त्यांनी पुण्यात सामाजिक अभ्यासाची संस्था सुरू केली. ती नंतर दिल्लीला गेली आणि आज इंडियन सोशल इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते.

त्याच सभागृहात जबलपूरचे एक सदस्य होते : फ्रँक अँथनी. जन्म १९०८, व्यवसायाने बॅरिस्टर, अँग्लो-इंडियन समाजाचे नेते. ते कोणत्याही अर्थाने धर्माधिकारी नव्हते. ९ डिसेंबर १९४६ रोजी सभेचे काम सुरू झाले, तेव्हा हंगामी अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा यांनी त्यांना उपाध्यक्ष नेमले. अँथनींची वाट डिसोझांच्या उलट होती. लहानशा विखुरलेल्या समाजाचा आवाज सभागृहात उरावा म्हणून त्यांनी खास तरतुदी मिळवल्या. संविधानाच्या कलम ३३१ ने लोकसभेत आणि कलम ३३३ ने विधानसभांत अँग्लो-इंडियन सदस्यांच्या नेमणुकीची सोय झाली. स्वतः अँथनी अनेक वेळा लोकसभेवर नेमले गेले. ही तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध एका खटल्यातून येतो. जानेवारी १९५४ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्य सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील प्रवेशांवर मर्यादा घातली. देवळालीची बार्न्स शाळा चालवणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी न्यायालयात गेली. संस्थेची बाजू अँथनींनी मांडली आणि मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल संस्थेच्या बाजूने लागला.

हे दोन सदस्य शेजारी ठेवले की फरक दिसतो. अँथनींना लोकसेवेसाठी चर्चमधील कोणाचीही परवानगी लागत नव्हती. डिसोझांना वरिष्ठांची लागत होती. विवाहित डीकन या दोघांच्या मधे उभा असतो : पोटापाण्याच्या बाबतीत अँथनींसारखा, दीक्षेच्या बाबतीत डिसोझांसारखा.

७. बंदी कडक का झाली?

१९७० नंतरच्या दोन प्रसंगांनी चर्चची भूमिका बदलली.

पहिला अमेरिकेतील. येशूसंघाचे फादर रॉबर्ट ड्रिनन मॅसॅच्युसेट्स राज्यातून निवडून आले आणि १९७१ ते १९८१ अमेरिकी काँग्रेसचे सदस्य होते. १९८० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी धर्मगुरूंनी निवडणुकीच्या राजकारणातून बाहेर पडावे असा आदेश दिला. ड्रिनन यांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही.

दुसरा निकाराग्वातील. १९७९ च्या क्रांतीनंतर तेथील सरकारात काही धर्मगुरू मंत्री झाले. मिगेल देस्कोतो परराष्ट्रमंत्री आणि कवी एर्नेस्तो कार्देनाल संस्कृतिमंत्री होते. त्यांनी पद सोडण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना धर्मगुरू म्हणून काम करण्यास मनाई झाली. ही मनाई पोप फ्रान्सिस यांनी अनुक्रमे २०१४ आणि २०१९ मध्ये उठवली.

दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेतले पाहिजे. चर्चचे म्हणणे असे की, धर्मगुरू सर्वांचा असतो. तो एका पक्षाचा झाला की दुसऱ्या पक्षाचा माणूस त्याच्याकडे मन मोकळे करायला कचरतो. त्या धर्मगुरूंचे म्हणणे असे की, गरिबांची बाजू घ्यायची तर कधीकधी सत्तेचे साधनही हाती घ्यावे लागते. डीकनच्या बाबतीत हा ताण थोडा सैल होतो, कारण पापनिवेदन ऐकण्याचे काम त्याच्याकडे नसते. पण तो प्रवचन देतो. म्हणून ताण पूर्ण सुटत नाही.

८. पदाविना लोकसेवा : वसईचे उदाहरण

अधिकारपद नसले म्हणजे लोकसेवा नाही असे मानू नये. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे काम याची साक्ष आहे. नंदाखाल गावचे फादर दिब्रिटो ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचे दीर्घकाळ संपादक होते. मुंबईलगतच्या वसई पट्ट्यात बांधकामांचा रेटा वाढला, शेतजमिनी आणि गोड्या पाण्याच्या विहिरी धोक्यात आल्या, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत त्यांनी पुढाकार घेतला. त्यात ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. विहिरीच्या पाण्याचा प्रश्न होता आणि विहिरीला धर्म नसतो.

‘सुबोध बायबल’ या पुस्तकासाठी त्यांना २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

कलम २८५ धर्मगुरूला ‘नागरी सत्तेचा वापर’ करण्यास मनाई करते. नागरी प्रश्नांवर बोलण्यास नाही. लेखणी, सभा, मोर्चा हे मार्ग त्याला खुले राहतात.

९. भारतीय कायदा काय म्हणतो?

चर्चने परवानगी दिली तरी देशाचा कायदा अडवेल का? क्रमाने पाहू.

(अ) निवडणूक लढवण्याची पात्रता. संसदेसाठी कलम ८४ व १०२ आणि विधिमंडळासाठी कलम १७३ व १९१ ही कलमे पाहावीत. धर्माधिकारी असणे ही अपात्रता त्यांत कोठेही नाही. लाभाच्या पदाची बंदी आहे, पण ती सरकारच्या अखत्यारीतील पदाची. चर्चमधील पद त्यात बसत नाही. ब्रिटनमध्ये मात्र १८०१ आणि १८२९ च्या कायद्यांनी अँग्लिकन व कॅथलिक धर्मगुरूंना कनिष्ठ सभागृहात बसण्यास बंदी होती. ती २००१ मध्ये उठली. डेव्हिड केर्न्स हे माजी कॅथलिक धर्मगुरू उमेदवार झाल्यामुळे तो प्रश्न ऐरणीवर आला होता. भारताने ही बंदी सुरुवातीपासूनच ठेवली नाही. साधू, महंत, मौलवी, पाद्री सर्वांना उमेदवारी खुली आहे.

(आ) प्रचार. उमेदवारावर बंदी नाही, पण प्रचाराच्या रीतीवर आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ (३) प्रमाणे धर्माच्या नावावर मत मागणे हा भ्रष्टाचार ठरतो. मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंह खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी या कलमाचा व्यापक अर्थ लावला : फक्त उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करूनही मत मागता येणार नाही. कलम १२३ (२) आणखी थेट आहे. मत दिले नाही तर देवाचा कोप होईल किंवा धर्मदंड होईल अशी भीती घालणे हा गैरवाजवी दबाव आहे. प्रवचनाचे व्यासपीठ हाती असलेल्या डीकनने हे कलम पाठ करून ठेवावे.

(इ) सरकारी नोकरी. कलम १६ प्रमाणे धर्मामुळे सरकारी नोकरीत भेदभाव करता येत नाही. मात्र नोकरीत असताना सेवावर्तन नियम लागू होतात. केंद्राच्या १९६४ च्या आणि रेल्वेच्या १९६६ च्या नियमांप्रमाणे कर्मचाऱ्याला राजकीय पक्षात भाग घेता येत नाही आणि मंजुरीशिवाय दुसरी नोकरी किंवा धंदा करता येत नाही. सामाजिक किंवा धर्मादाय स्वरूपाचे मानद काम, सरकारी कामात अडथळा येत नसेल तर, करता येते.

(ई) कर. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या नन्स आणि धर्मगुरू यांचे वेतन धर्मसंघाकडे जाते, कारण त्यांनी दारिद्र्याचे व्रत घेतलेले असते. म्हणून त्या वेतनातून आयकर कापू नये असे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते मान्य केले नाही. विवाहित डीकनच्या बाबतीत हा वादच उद्भवत नाही. त्याने असे व्रत घेतलेले नसते. त्याचा पगार त्याच्या घरात येतो आणि कर तो इतरांसारखाच भरतो.

(उ) धर्मांतराचा कायदा. जबलपूर मध्य प्रदेशात असल्यामुळे हा मुद्दा सोडता येत नाही. या राज्याने १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्य अधिनियम केला. स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो वैध ठरवला. कलम २५ मधील प्रचाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा नव्हे, असा त्याचा आशय होता. अनेक कायदेपंडितांनी या निकालावर टीकाही केली आहे. २०२१ मध्ये जुन्याच्या जागी नवा कायदा आला. त्यात धर्म बदलू इच्छिणाऱ्याने आणि विधी करणाऱ्यानेही ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवण्याची तरतूद आहे. तिच्यावर न्यायालयात आव्हानेही झाली आहेत. आधीच ख्रिस्ती असलेल्या घरातील बाळाचा बाप्तिस्मा आणि प्रौढाने धर्म बदलून घेतलेला बाप्तिस्मा यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक पडतो.

१०. पुन्हा जबलपूरच्या उदाहरणाकडे

आता सुरुवातीच्या प्रश्नांची उत्तरे देता येतील.

ते गृहस्थ प्रापंचिक की धर्माधिकारी? चर्चच्या कायद्याने दीक्षित; देशाच्या कायद्याने इतर कोणासारखेच नागरिक.

नोकरी सोडावी लागेल का? चर्चच्या बाजूने नाही. कलम २८८ ती मोकळीक देते. सरकारच्या बाजूनेही, काम मानद असेल आणि कचेरीच्या वेळेत ढवळाढवळ होत नसेल, तर नाही. शहाणा माणूस तरीही वरिष्ठांना लेखी कळवून ठेवेल.

निवडणूक? नोकरीत असताना नाही. निवृत्तीनंतर संविधान अडवत नाही. चर्चच्या बाजूने मात्र आधी बिशपकडे जावे लागेल.

कायद्याची उत्तरे येथे संपतात. खरी कसोटी त्यापुढे आहे. सोमवारी त्यांच्या टेबलावर दोन अर्ज आले. एक रविवारी त्यांचे प्रवचन ऐकणाऱ्या शेजाऱ्याचा, दुसरा अनोळखी माणसाचा. दोन्ही अर्ज आलेल्या क्रमानेच निघाले पाहिजेत. शेजाऱ्याला वाटेल, आपला माणूस असून उपयोग काय? अनोळखी माणसाला शंका येईल, हा आपल्याच लोकांचे पाहत असणार. एकाची नाराजी आणि दुसऱ्याचा संशय दोन्ही सोसून नियमाने चालणे हे त्यांचे रोजचे काम. जेरुसलेमच्या त्या सात माणसांनाही भाषाभेद बाजूला ठेवून सर्वांच्या ताटात सारखे वाढायचे होते. त्या अर्थाने डीकनची सेवा आणि प्रामाणिक लोकसेवकाची सेवा यांची कसोटी एकच आहे.

११. सारांश

• डीकन हे कॅथलिक दीक्षेतील तिसरे पद. त्याचा उगम अन्नवाटपातील अन्याय दूर करण्याच्या कामात मानला जातो.
• कायम डीकनपद दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पुन्हा सुरू झाले. विवाहित पुरुषालाही ते मिळू शकते.
• धर्मगुरूला सत्तेचे पद घेण्यास मनाई आहे. कायम डीकनला कलम २८८ ने सवलत आहे, पण स्थानिक नियमांच्या अधीन.
• भारतीय कायदा धर्माधिकाऱ्याला उमेदवारी नाकारत नाही. धर्माच्या आधारे मत मागणे आणि दैवी कोपाची भीती घालणे यांना मात्र मनाई करतो.
• सरकारी कर्मचाऱ्याला मानद धर्मसेवा करता येते. पक्षीय राजकारण करता येत नाही.

पारिभाषिक शब्द

कॅनन कायदा : कॅथलिक चर्चचा अंतर्गत कायदा.
धर्मप्रांत : एका बिशपच्या अधिकारातील प्रदेश.
प्रापंचिक : दीक्षा न घेतलेला सामान्य श्रद्धावंत.
शुभवर्तमान : येशूच्या जीवनाची व शिकवणुकीची नव्या करारातील चार पुस्तके.
येशूसंघ : १५४० मध्ये मान्यता मिळालेला कॅथलिक धर्मसंघ.

स्वाध्याय

१. संक्रमणकालीन डीकन आणि कायम डीकन यांतील फरक स्पष्ट करा.
२. कॅनन कायद्यातील कलम २८५ आणि २८८ एकत्र का वाचावी लागतात?
३. फादर जेरोम डिसोझा आणि फ्रँक अँथनी यांच्या अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधित्वाविषयीच्या भूमिकांची तुलना करा. तुम्हाला कोणती अधिक पटते, सकारण लिहा.
४. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मधील बंदी व्यक्तीवर आहे की वर्तनावर? उदाहरणासह चर्चा करा.
५. तुमच्या परिसरात धर्मसेवा आणि सार्वजनिक सेवा दोन्ही करणारी कोणत्याही धर्माची व्यक्ती असेल, तर तिच्याशी बोला. दोन्ही कामांत ओढाताण कोठे होते, हे तिच्या परवानगीने आणि नाव न लिहिता एका पानात मांडा.